तिबोटीची बोटं

पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडताना तिच्या उजव्या हाताला कापलं. तिने हात नळाखाली धरला, खणातून चिकटपट्टी काढली, तिचा कागद दातांनी सोलला आणि डाव्या हाताने पट्टी घट्ट गुंडाळून पुन्हा कामाला लागली. बारीकसारीक दुखण्याचा बाऊ करणाऱ्यांतली ती नव्हती. थोड्या वेळाने नवरा कामावरून आला, तेव्हा ओट्यावर, पातेल्याच्या कडेला आणि तिच्या बाहीवर रक्ताचे ठिपके पडलेले होते.

"अगं, हे काय? कुठे लागलंय?"

"बोटाला. पट्टी लावलीय की."

"पट्टी लावलीयस मधल्या बोटाला. रक्त येतंय पहिल्यातून."

ती हसली, तोही हसला. त्याने पट्टी सोडवून बरोबर जागी लावली. आतल्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या. हसायला काय झालं, असं त्यांनी दोनदा विचारलं, म्हणून त्याने जाऊन सांगितलं. त्या ठणकावून म्हणाल्या, "डोळे नाहीत हे कबूल. पण आपलं बोट आपल्याला कळू नये?"

सासूबाईंचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, हे ती लग्नानंतर पहिल्या वर्षातच शिकली होती. हे मात्र तिने मनावर घेतलं.

ती जन्मल्यापासून आंधळी. वय पन्नाशीच्या आतबाहेर. घराबाहेर तिला सगळे तिबोटी म्हणत आणि ते नाव तिला शाळेत चिकटलं होतं. अंध मुलांच्या त्या शाळेत ब्रेल वाचायला शिकवताना बाई सांगत, उजव्या हाताची तर्जनी ओळीवरून न्यायची, बाकीची बोटं उचलून धरायची. हिने पहिल्या दिवसापासून तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी तीन बोटं एकमेकींना चिकटवून ओळीवर ठेवली. बाईंनी रागावून पाहिलं, हातावर चापट मारून पाहिलं, मधल्या बोटाला दोरा बांधून पाहिला. शेवटी वाचनाची स्पर्धा झाली आणि ही सगळ्यांच्या पुढे एक पान वाचून मोकळी झाली, तेव्हा बाईंनी नाद सोडला. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्याला पक्ष्यांचं वेड होतं. तो म्हणाला, पायाला तीनच बोटं असलेला एक रंगीत पक्षी असतो, त्याला तिबोटी म्हणतात. मुलांना तेवढं पुरलं.

पुढे ती ब्रेल छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागली. तिथे जोडीने काम चाले. छापून आलेलं ब्रेलचं पान ती बोटांनी मोठ्याने वाचायची आणि समोर बसलेला जोडीदार मूळ पुस्तकात नजर ठेवून ऐकायचा. कुठे फरक पडला की तो टेबलावर टिचकी मारायचा. या जोडीदाराला ती चष्मा म्हणायची, कारण त्याच्याकडे दोन चष्मे होते आणि एक काढून दुसरा घालताना पहिल्याची काडी दर वेळी टेबलावर आपटायची. चष्मा तिला सांगे, "तिबोटी, जरा सावकाश. तुझ्या बोटांच्या मागे माझे डोळे धापा टाकतात." ती मुद्दाम आणखी जोरात वाचायची. वाचताना तिला ठिपके जाणवत नसत, अक्षरंही जाणवत नसत. ओळ पाण्यासारखी बोटांखालून जायची आणि शब्द आपोआप तोंडात यायचे. छापखान्यात तिच्या तोडीचं वाचणारं कोणी नव्हतं आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

नवरा तिला इथेच भेटला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. छापखान्याची लिफ्ट एका वर्षी फार वेळा बिघडली. त्यातली किती वेळा खरोखर बिघडली होती, हे त्याने तिलाही कधी सांगितलं नाही. त्याच्या आईने लग्नाला कडाडून विरोध केला. "डोळस मुलींचा काय दुष्काळ पडलाय?" हे त्यांचं वाक्य सगळ्या नातेवाइकांत फिरून तिच्यापर्यंतही आलं. पण वय झालं तसं सासूबाईंच्याच नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग धरला. त्यांना चालता-फिरता येई, पण छापलेलं अक्षर दिसेना. आयुष्यभर रहस्यकथांचा फडशा पाडणारी ती बाई भिंतीकडे तोंड करून बसू लागली. मग एका सुट्टीच्या दिवशी सुनेने वाचनालयातून ब्रेलमधली एक जाडजूड रहस्यकथा आणली आणि खाटेजवळ खुर्ची ओढून, काहीच न बोलता, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सासूबाई पहिल्या प्रकरणापुरत्या गप्प राहिल्या. दुसऱ्या प्रकरणात त्या म्हणाल्या, "खून त्या भाडेकरूनेच केलाय, बघ." तेव्हापासून तो दोघींचा रिवाजच पडला.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना छापखान्यात दुरुस्त्या टाइप करणारी बाई नोकरी सोडून गेली. तिच्या जागी माणूस मिळेना. व्यवस्थापकांनी तिबोटीला विचारलं, "वाचनाबरोबर दुरुस्त्याही तुम्हीच टाइप कराल का? थोडे दिवस." ती हो म्हणाली. ब्रेलच्या यंत्राला सहा कळा असतात, तीन डाव्या हाताच्या बोटांसाठी आणि तीन उजव्या. अक्षरात जे ठिपके हवेत तेवढ्या कळा एकदम दाबायच्या. शाळेत ती हे शिकली होती. पुढे मात्र कधीमधी एखादं पत्र लिहिण्यापलीकडे त्या यंत्राशी तिचा संबंध आला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात चष्मा खो खो हसला. सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याचं प्रकरण होतं आणि तिने टाइप केलेल्या पानावर पाण्याऐवजी राणी उकळत होती. ब्रेलमध्ये प आणि र यांत एकाच ठिपक्याचा फरक. प-ला उजव्या हाताची तर्जनी दाबायची, र-ला तिच्याऐवजी मधलं बोट. ती म्हणाली, "घाईत झालं." पान पुन्हा टाइप केलं. पुन्हा वाचलं तर एका ठिकाणी पडतं-चं रडतं झालेलं. मग ती प्रत्येक पान दोनदा, तीनदा टाइप करू लागली. टोपली रद्दी कागदांनी भरू लागली. डाव्या हाताच्या कळा कधी चुकत नसत. चूक होई ती उजव्या हाताची आणि नेहमी त्या तीन बोटांतच. चष्मा आता हसत नव्हता. त्या न हसण्याचाच तिला जास्त त्रास होई.

स्वतः टाइप केलेलं स्वतः तपासताना जे असायला हवं तेच वाचलं जातं, हे तिला तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पुरतं ठाऊक होतं. तरीही एक पान सुटलं. पुस्तक शाळांत गेलं आणि कुठल्याशा शिक्षिकेचा फोन आला की मुलं पानांना रानं म्हणताहेत. व्यवस्थापकांनी तिला बोलावून घेतलं. ते बरे गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. "तब्येत ठीक आहे ना? या वयात होतं असं," एवढंच म्हणाले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

त्याच संध्याकाळी तिच्या डोक्यात चिकटपट्टी आणि ती उकळणारी राणी यांची गाठ बसली.

"इकडे ये," ती नवऱ्याला म्हणाली. "एक काडी घे. मी हात टेबलावर ठेवते. तू एकेका बोटाला हळूच टेकव आणि मी सांगते कुठलं ते. मध्ये बोलायचं नाही."

नवऱ्याने तेलकट हात धुतले आणि काडी घेतली. सासूबाई खुर्ची ओढून पंच म्हणून बसल्या, जरी त्यांना बोटं नीट दिसत नव्हती. डाव्या हाताची पाचही बोटं बिनचूक आली. उजव्या हाताचा अंगठा बरोबर, करंगळी बरोबर. त्यानंतर ती म्हणाली, "तर्जनी."

काडी तिथेच थांबली.

"अरे, बरोबर की चूक?"

"अनामिका होती."

"पुन्हा."

"मधलं," ती म्हणाली. ती तर्जनी होती. मग "अनामिका" म्हणाली, ते मधलं होतं. मग एकदा बरोबर आलं, पण तिला आत ठाऊक होतं की तो नुसता अंदाज होता. स्पर्श झालेला तिला स्पष्ट कळत होता, काडीचं टोक किती बारीक आहे तेही कळत होतं. तो कुठे झाला तेवढंच कळत नव्हतं. तीन बोटं मिळून एकच काहीतरी होतं आणि त्याला आतून शिवणी नव्हत्या.

सासूबाईंनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाल्या, "डॉक्टरकडे जा. मी थट्टा करत नाहीये."

मोठ्या दवाखान्याच्या मज्जाविकार विभागात तिला तीन वेळा जावं लागलं. पहिल्यांदा तिथे हाताच्या नसा तपासल्या. त्या ठणठणीत निघाल्या. दुसऱ्यांदा डोक्यावर तारा चिकटवून बोटांना हलके हलके टोचे दिले आणि कुठल्या बोटाचा ठोका मेंदूत कुठे उमटतो ते मोजलं. तिसऱ्यांदा डॉक्टर बाईंनी दोघा नवराबायकोला समोर बसवलं. डॉक्टर बाईंचा आवाज तरुण होता आणि त्या भराभर बोलत. पण ही मध्येच थांबवून विचारते आहे म्हटल्यावर सावकाश बोलू लागल्या.

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही. मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी जागा असते, शेजारीशेजारी. तुमच्या या तीन बोटांच्या जागा एकमेकींत मिसळल्यात."

"मिसळतील कशा? जागा त्या जागा."

"तिथे भिंती नसतात ना. दोन चेतापेशींमध्ये सांधा असतो, त्यातून निरोप जातो. दोन पेशी वारंवार एकाच वेळी जाग्या झाल्या की त्यांच्यातला सांधा पक्का होत जातो. शिकणं म्हणतात ते बरंचसं हेच. तुमची तीन बोटं लहानपणापासून एकाच ओळीवर, एकाच वेळी. मेंदूने काढायचा तो अर्थ काढला. त्याच्या लेखी ते एकच बोट."

"पण लोक तर दहाही बोटांनी कपडे धुतात, कणीक मळतात," नवरा मध्येच म्हणाला. "त्यांची नाही मिसळत?"

"चांगलं विचारलंत. तिथेच खरी गंमत आहे." डॉक्टर बाईंनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "सगळेच सांधे पक्के होत गेले तर मेंदूत नुसता कल्ला होईल. म्हणून प्रत्येक भागात काही छोट्या पेशी असतात, स्थानिक. त्यांचे धागे लांब जात नाहीत, आपली गल्ली सोडून त्या कुठे निरोप पाठवत नाहीत. त्यांचं काम एकच. आजूबाजूच्यांना गप्प करायचं. एका बोटाची जागा बोलायला लागली की या पेशी शेजारच्या बोटाच्या जागेला गप्प बसवतात, म्हणून दोन बोटं वेगळी कळतात. आणि कुठला सांधा कधी पक्का होऊ द्यायचा, हेही पुष्कळसं यांच्यावर असतं. यांनी जरा सैल सोडलं की नवं शिकलं जातं. पुन्हा आवळलं की शिकलेलं टिकून राहतं. कपडे धुताना बोटं एकत्र हलतात, पण दिवसभरात शंभर कामं ती वेगवेगळी करतात आणि मन लावून तर फार थोडी. तुम्ही मात्र तासन्‌तास, जीव ओतून, तिघींना एकच काम दिलंत. त्यांच्यामधली हद्द राखून त्या पेशींना काय मिळणार होतं? त्यांनी ती सोडून दिली असावी."

"असावी?"

"तुमचं डोकं उघडून मी पाहिलेलं नाही. प्राण्यांच्या मेंदूत हे पाहिलेलं आहे. माणसांत बाहेरून जे मोजता येतं त्यावरून सांगते आहे. एवढं नक्की की तुमच्या तिन्ही बोटांचे ठोके जवळजवळ एकाच जागी पडताहेत."

मग तिने विचारलं, "उलटं करता येईल?"

"काही अंशी. पण तीन बोटांनी वाचणं पूर्ण बंद करावं लागेल. एकाच बोटाने वाचायचं. आणि रोज बोटांना वेगवेगळं काही द्यायचं, एकाला खरखरीत, एकाला गुळगुळीत, एकाला काही नाही, आणि ओळखायचं. मन लावून. रेडिओ ऐकत केलंत तर पाण्यात. आपण लक्ष देतो तेव्हा आणखी एका प्रकारच्या स्थानिक पेशी जाग्या होतात आणि त्या या गप्प करणाऱ्यांनाच थोडा वेळ गप्प करतात. तेवढ्या वेळात सांधे बदलतात."

"आणि माझा वाचनाचा वेग?"

"तो जाईल," त्या म्हणाल्या. "किती परत येईल ते मला सांगता येणार नाही."

घरी आल्यावर नवऱ्याने आईला सगळं जमेल तसं समजावलं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे स्वतः काही करायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही, नुसतं जवळपासच्यांना गप्प बसवायचं? अरे, ती सासूच की!"

"आणि त्यांना गप्प करणाऱ्याही असतात, आई."

"ती आजेसासू. मला होती. ठाऊक आहे मला."

त्या दिवशी तिला हसू आलं नाही. ती खिडकीपाशी बसून तीन बोटं एकमेकींवर घासत होती. कोणती कोणावर घासते आहे, ते तिला उजव्या हातात कळत नव्हतं. डाव्या हाताने चाचपलं की कळे. नवऱ्याने सरळ सांगितलं, "टायपिंग सोडून दे. त्यांना म्हणावं माणूस शोधा. तुझं वाचन तर शाबूत आहे ना?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चष्म्यानेही दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. पण ती त्यांना जे सांगू शकली नाही ते असं होतं की, आता कळल्यानंतर तिला तो हात परका वाटू लागला होता. पातेलं उचलताना, कुलपात किल्ली घालताना, नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण लावताना आपल्या हाताला एक जाड, मिटलेला पंजा आहे, असं तिला वाटे. एरवी ज्याची जाणीवही नव्हती, त्याचीच आता रात्रंदिवस जाणीव. तिने आठवडाभर कुणाशी फारसं न बोलता काढला आणि मग व्यवस्थापकांना जाऊन सांगितलं की काही महिने मला वाचनाच्या खुर्चीवर बसवू नका.

व्यवस्थापक चक्रावले. ज्या कामात ती चुकत होती ते ठेवायचं आणि ज्यात ती पहिल्या नंबरची ते सोडायचं, हे त्यांच्या गळी उतरेना. शेवटी त्यांनी टायपिंग काही महिने बाहेर दिलं आणि तिला तयार पानं मोजून बांधायच्या कामाला लावलं. वाचनाच्या खुर्चीवर एक नवी मुलगी आली. ती एका बोटाने वाचायची, नीटनेटकं आणि संथ. भिंतीपलीकडून चष्म्याच्या टिचक्या ऐकू येत. पूर्वीपेक्षा कितीतरी लांब लांब अंतराने.

घरी सराव सुरू झाला. नवऱ्याने लिफ्टच्या कामातले तुकडे आणले, घासकागद, रबराची पट्टी, पितळेचा गुळगुळीत पत्रा, तारेची जाळी. तो ते तिच्या बोटांखाली ठेवी आणि ती सांगे. सुरुवातीला ती डोकं दुखेपर्यंत बसायची आणि बहुतेक वेळा चुकायची. सासूबाईंना त्या वेळात बोलायची बंदी होती. ती त्यांनी पाळली, फक्त मधूनमधून मोठा उसासा सोडत.

खरी परीक्षा वाचनाची होती. अर्धवट राहिलेली रहस्यकथा उघडून तिने तर्जनी ओळीवर ठेवली, बाकीची दोन बोटं रुमालात गुंडाळून ठेवली, आणि तिच्या तोंडून अक्षर फुटेना. बोटाखाली ठिपके होते, नुसते ठिपके. ती एकेक अक्षर जुळवू लागली.

"ता... तिने... ता... दा... दार..."

"दार उघडलं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. दाराआड... लप... लप..."

"लपलेल्या माणसाला पाहिलं. पुढे."

"आई, मला वाचू द्या."

"अगं, तू दारापर्यंत पोचेस्तोवर तो माणूस म्हातारा होऊन मरेल!"

तिने पुस्तक मिटलं आणि उठून गेली. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती सासूबाईंसमोर पहिल्यांदा रडली होती. सासूबाईंना ते दिसलं नसेल, पण ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच हाक मारली. "ये. वाच. मी तोंड उघडणार नाही." त्यांनी तोंड उघडलंच, पण आता त्या वाक्याचा शेवट सांगण्याऐवजी मनातल्या मनात पैज लावत आणि वाक्य पूर्ण झाल्यावर "जिंकले" किंवा "हरले" एवढंच म्हणत. कधी कधी अख्ख्या दुपारी एकच पान व्हायचं. सासूबाई बहुतेक वेळा हरत आणि त्याबद्दल लेखकाला नावं ठेवत.

एकदा त्या म्हणाल्या, "आण इकडे. मीच शिकते." तिने त्यांचं बोट धरून ठिपक्यांवर टेकवलं. सासूबाईंना तिथे वाळू पसरल्यासारखं वाटलं. त्या हट्टाने बऱ्याच दुपारी बसल्या. क आणि ब त्यांना ओळखता येऊ लागले, कधी कधी ल. पुढे गाडी सरकली नाही. डॉक्टर बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, वय झाल्यावर मेंदूला नवं शिकता येत नाही असं नाही, पण लहानपणी जेवढं सहज सैल पडतं तेवढं पुढे पडत नाही. सासूबाईंना हे उत्तर पसंत पडलं. निदान दोष बोटांचा नव्हता.

उन्हाळा सरला, थंडी आली. बदल कधी झाला ते तिला नेमकं सांगता येणार नाही. एके सकाळी चहाचा कप धरताना तिला मधल्या बोटाला चटका बसला, आणि तो मधल्याच बोटाला बसला, हे तिला न विचारता कळलं. तिने कप तसाच धरून ठेवला. बोट भाजत होतं तरी.

डॉक्टर बाईंनी पुन्हा तारा लावल्या. तर्जनीचा ठोका आता वेगळा पडत होता. मधलं बोट आणि अनामिका अजून एकमेकींत गुंतलेल्या होत्या, पण आधीइतक्या नाहीत. "मला एवढ्याची अपेक्षा नव्हती," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज खरोखरच खूश होता. त्यांना हे इतर डॉक्टरांपुढे मांडायचं होतं, तिच्या परवानगीने. तिने परवानगी दिली. मग विचारलं, "आता मी एकदा तीन बोटांनी वाचून पाहू?"

"पाहा की."

तिने पिशवीतून पुस्तक काढलं आणि तिन्ही बोटं जुन्या सवयीने ओळीवर ठेवली. हात आपसूक सरकला. पण ओळ पाण्यासारखी आली नाही. अनामिका पुढचं अक्षर सांगत होती, मधलं बोट आत्ताचं, तर्जनी मागचं, आणि तिघी एकदम बोलत होत्या. ती एक ओळही पुरी करू शकली नाही. तिने हात मागे घेतला.

"काय झालं?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"गलबला," ती म्हणाली. पुस्तक मिटत पुढे म्हणाली, "पूर्वी मला ह्या तिघी ऐकू येत नव्हत्या. फक्त गोष्ट ऐकू यायची."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "पुन्हा तीन बोटांचा सराव केलात तर कदाचित ते परत येईल. पण मग हे जाईल. दोन्ही एका हातात राहतील असं मला वाटत नाही."

घरी जाताना तिने नवऱ्याचा दंड धरला होता. बसमध्ये गर्दी होती. उभ्याने जाताना तिने वरचा दांडा उजव्या हाताने पकडला होता आणि दांड्याच्या थंडपणात एकेक बोट वेगळं कळत होतं. हे चांगलं आहे की नाही, याचा तिने विचार केला नाही. तसं आहे, एवढंच तिने लक्षात घेतलं.

तीन बोटांच्या वाचनाकडे ती परत गेली नाही. का नाही, असं चष्म्याने स्वतः निवृत्त होण्याआधी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "एकदा कळलेलं न कळल्यासारखं कसं करू?" चष्म्याला ते पटलं नाही. तिच्यासारखं वाचणारं कोणी पुन्हा मिळालं नाही, असं त्याने आपल्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं आणि ती तेव्हा मान खाली घालून बसली होती.

आता ती पुन्हा दुरुस्त्या टाइप करते. अनामिका आणि मधलं बोट अजून क्वचित दगा देतात, तेव्हा ती थांबते, दोन्ही बोटं टेबलाच्या कडेवर एकेक करून दाबते आणि पुढे लागते. तिची पानं नवी मुलगी तपासते आणि त्यांत फारसं काही सापडत नाही. एका बोटाने तिचं वाचन आता साधारण बरं चालतं. शाळेत बाई जेवढ्याला बरं म्हणत तेवढं.

ती रहस्यकथा शेवटाला गेली तेव्हा खून भाडेकरूच्या बायकोने केल्याचं निघालं. सासूबाई लेखकावर भयंकर चिडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, तिने न विचारताच, वाचनालयात फोन करून पुढचं कोणतं मागवायचं ते त्यांनी मुलाला सांगून टाकलं. "जाड बघ," त्या म्हणाल्या. "आता घाई कुणाला आहे?"